परवाना कोणाचा?

मोबाइलवरून गाडी पुरवणाऱ्या कंपन्यांनी कायदा मोडला काय, यावर आपल्या कट्ट्यावर नेहमी वाद झडतो. निकाल देण्यापूर्वी कायदा पाहणे अगत्याचे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाडे घेऊन उतारू नेणाऱ्या वाहनाला परमिट लागते. भाड्याबाबत आदेश देण्याचा अधिकार राज्य सरकारचा. म्हणूनच नाशिकच्या रिक्षावाल्याला परमिट, बिल्ला, मीटर हे सारे सांभाळावे लागते. (मीटर कितीदा पडतो, हा प्रश्न निराळा!) कंपन्यांचे म्हणणे असे, की गाडी आमची नाही, चालक आमचा नोकर नाही, आम्ही केवळ गाठ घालून देतो. जुन्या कायद्यात अशा मध्यस्थाचे चित्र स्पष्ट नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली. अशा मध्यस्थाला ‘ॲग्रीगेटर’ हे नाव मिळाले आणि कलम ९३ अन्वये परवाना बंधनकारक झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तरीही मार्च २०२२ मध्ये, उबरविषयीच्या जनहित याचिकेत, मुंबई उच्च न्यायालयाला या कंपन्यांना १६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करण्यास सांगावे लागले. सेवा एकदम थांबवली तर उतारूंचेच हाल होतील, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

दुचाकी टॅक्सीचे प्रकरण याहून स्पष्ट. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी भाड्याने चालवायची, तीही परवान्याविना! पुण्याच्या परिवहन कार्यालयाने डिसेंबर २०२२ मध्ये रॅपिडोला परवाना नाकारला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सेवा थांबवण्यास सांगितले व फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीला दिलासा दिला नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सीच्या धोरणाला मान्यता दिली, म्हणजे वाट उघडली ती कायद्यातून.

माझ्या मते २०१९ नंतर विनापरवाना धंदा हा नियमभंगच होय. परंतु राज्याचे नियम वेळेवर तयार झाले नाहीत, हा दोष सरकारच्या पदरी टाकावाच लागेल. शेवटी, रात्री नाशिकरोड स्थानकावर उतरलेल्या विद्यार्थिनीला काही अडचण आली, तर जाब कोणाला विचारायचा? परवाना असला म्हणजे त्यावर एक नाव असते, आणि तो रद्द होण्याची भीतीही असते. तेवढ्यासाठी तरी तो हवा.