तपकिरी खाद्य शैवाले

तपकिरी खाद्य शैवाले ही फिओफायसी या वर्गातील, मानवी आहारात वापरली जाणारी सागरी शैवाले आहेत. कोंबू (सॅकॅरिना जॅपोनिका), वाकामे (उंडारिया पिन्नाटिफिडा), हिजिकी (सरगॅसम फ्युसिफॉर्मे) आणि मोझुकू (क्लॅडोसायफॉन ओकामुरॅनस) ही त्यांतील प्रमुख होत. चीन, जपान व कोरिया येथे त्यांची शेती मोठ्या प्रमाणावर केली जाते. अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली कोंबूचे शेतीतील जागतिक उत्पादन सुमारे १.२५ कोटी टन, तर वाकामेचे सुमारे २८ लाख टन (ओले वजन) होते.

रूपाने वनस्पतींसारखी दिसत असली, तरी ही शैवाले उत्क्रांतीच्या दृष्टीने भूचर वनस्पतींपासून दूरची आहेत. त्यांचा तपकिरी रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. पेशीभित्तीतील अल्जिनेट हा पदार्थ आइस्क्रीम, औषधे व कापड छपाई यांत घट्टपणा आणण्यासाठी वापरला जातो.

जीवनचक्र

कोंबू व वाकामे यांच्यात पिढ्यांचे एकांतरण आढळते. खाण्यासाठी वापरला जाणारा, कित्येकदा काही मीटर लांबीचा पट्टा म्हणजे द्विगुणित बीजुकधारी पिढी होय. त्यावर न्यूनीकरण विभाजनाने चलबीजुके तयार होतात. ती खडकावर स्थिरावली की त्यांपासून सूक्ष्म, एकगुणित गंतुकधारी वाढतात. नर व मादी गंतुकधारी वेगवेगळे असतात. मादीच्या अंडकाने सोडलेल्या रसायनाकडे पुंगंतुके आकर्षित होतात आणि फलनानंतर रंदुकापासून पुन्हा मोठा पट्टा वाढतो. केल्पवर्गीय शैवालांतील ही लपलेली पिढी फ्रेंच शास्त्रज्ञ कामिय सोव्हाजो यांनी १९१५ मध्ये उघडकीस आणली.

येथे लिंगनिश्चिती एकगुणित अवस्थेतच होते. मादीत 'यू' व नरात 'व्ही' हे लिंग गुणसूत्र असते. मानवातील एक्स-वाय पद्धतीपेक्षा ही पद्धत वेगळी आहे.

शेती

चीनच्या किनाऱ्यावर कोंबू मूळचा नाही. तो १९२० च्या दशकात जपानमधून दालियन येथे पोहोचला. १९५० च्या दशकात झेंग चेंगकुई (१९०९–२००५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळ्यात थंड पाण्याच्या टाक्यांत रोपे तयार करण्याची पद्धत विकसित केली. दोऱ्यांवर चिकटलेली ही रोपे शरद ऋतूत समुद्राचे पाणी थंड झाल्यावर तरंगत्या दोरखंडांना बांधली जातात आणि पुढील वसंत-उन्हाळ्यात कापणी होते. रोपे आधीच तयार असल्याने वाढीचा काळ लांबतो व उत्पादन वाढते.

आनुवंशिक सुधारणा

फांग झोंगशी (१९१२–१९८५) यांनी निवड पद्धतीने कोंबूचे सुधारित वाण तयार केले. 'हाइछिंग क्रमांक १' हा तुलनेने उष्ण पाणी सोसणारा वाण त्यांतील एक आहे. पुढे गंतुकधारींचे कृंतक प्रयोगशाळेत जतन करण्याचे तंत्र प्रचारात आले. लाल प्रकाशात गंतुकधारी जननक्षम न होता केवळ वाढत राहतात. निळा प्रकाश मिळाल्यावर ते गंतुके तयार करतात. त्यामुळे निवडलेले नर व मादी कृंतक अनेक वर्षे सांभाळून, हव्या त्या वेळी त्यांचा संकर करता येतो. संकरित कापसाचे बियाणे जसे दोन जनक वाण राखून दरवर्षी नव्याने तयार केले जाते, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे जनक काचेच्या बाटलीत मावतात. कोंबूच्या जनुकसंचाचा मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

हिजिकीत स्वतंत्र गंतुकधारी पिढी नसते. गंतुके मूळ शैवालावरच तयार होतात, त्यामुळे कृंतक-संकराची ही पद्धत तेथे लागू पडत नाही.

धोके

एकाच पट्ट्याच्या बीजुकांपासून नर व मादी दोन्ही उपजतात. मोजक्याच जनकांपासून वर्षानुवर्षे रोपे घेतल्यास अंतःप्रजनन होऊन पीक दुबळे बनते. तापमानवाढीच्या काळात अशा अरुंद जनुकसाठ्यातून नवे उष्णतासहिष्णू वाण मिळणे कठीण होते; म्हणून नैसर्गिक समूहांचे जतन हा शेतीचाही प्रश्न ठरतो. दुसरीकडे, मूळ प्रदेशाबाहेर गेलेले वाकामे न्यूझीलंड, अर्जेंटिना व युरोप येथे आक्रमक प्रजाती ठरले आहे. आहाराच्या दृष्टीने कोंबूतील अतिरिक्त आयोडीन व हिजिकीतील असेंद्रिय आर्सेनिक यांबाबत सावधगिरी आवश्यक असते.

महाराष्ट्र व भारत

कोंबूच्या वाढीसाठी थंड पाणी लागते, त्यामुळे कोकणच्या उष्ण समुद्रात त्याची शेती शक्य नाही. मात्र मालवण, रत्नागिरी येथील खडकाळ किनाऱ्यांवर सरगॅसमच्या स्थानिक प्रजाती आढळतात. पावसाळ्यातील खवळलेला समुद्र व घटणारी क्षारता या येथील शेतीच्या मुख्य अडचणी आहेत. भारतात लागवड मुख्यतः कॅपाफायकस या लाल शैवालाची, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होते. अल्जिनेटसाठी लागणारे सरगॅसम निसर्गातूनच गोळा केले जाते.

समुद्रापासून दूर असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तपकिरी शैवालांचा परिचय अन्नापेक्षा पिकांवर फवारायच्या अर्काच्या रूपाने अधिक असतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशा जैव-उत्तेजकांना नियमनाखाली आणले. या अर्कांचा एक प्रमुख स्रोत असलेले अ‍ॅस्कोफायलम नोडोसम उत्तर अटलांटिकच्या खडकांवरून कापले जाते. मागणी वाढत असताना शैवाल पिकवायचे की निसर्गातून कापत राहायचे, हा प्रश्न म्हणूनच किनाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही.