इंजिनाखालचं रबर

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बॉनेटखालच्या रबराची काय गत होत असेल? इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसत नाही. मध्ये लोखंडाला जोडलेलं रबर असतं, म्हणजेच माउंटिंग. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं उभं चालतं, तेव्हाही सेकंदाला सुमारे २७ धक्के देतं. ते हे रबर पचवतं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते कडक होऊन तडकतं, तर गळणाऱ्या ऑइलने फुगून मऊ पडतं. मग धुळ्याच्या सिग्नलला स्टिअरिंग थरथरतं, क्लच सोडताच खालून ‘धप्प’ असा आवाज येतो.

घरी बदलायचं तर इंजिन गार हवं. ऑइल चेंबरखाली जॅक लावताना मध्ये लाकडी फळी हवीच, नाहीतर चेंबर चेपलंच म्हणून समजा. (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नये; घोड्या लावाव्यात.) इंजिनाचा भार जॅकवर आला की मगच बोल्ट सोडायचे. नवं माउंटिंग बसवून बोल्ट आधी हातानेच फिरवायचे, इंजिन जागेवर स्थिरावलं की टॉर्क पान्याने आवळायचे. आधीच आवळले, तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. स्वस्तातलं टणक माउंटिंग मी तरी घेणार नाही. त्यातून थरथर थेट केबिनमध्ये येते.