यंत्राला चेतना नाही; मग अपराध कोणाचा?

जबल अली बंदरातील यंत्रे आता केवळ ओझी उचलत नाहीत. कोणते ओझे कोठे ठेवायचे हेही तीच ठरवतात. चौथ्या टर्मिनलवरील ‘बॉक्सबे’ व्यवस्थेत ११ थरांच्या पोलादी मांडणीत कंटेनर आपोआप ठेवले आणि काढले जातात. २००९ पासून दुबई मेट्रो चालकाविना धावत आहे. अशा एखाद्या यंत्रामुळे उद्या कामगाराचा प्राण गेला, तर अपराधी कोणाला म्हणावे? येथे राबणाऱ्या आपल्या बांधवांसाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

संयुक्त अरब अमिरातीची नवी दंडसंहिता २ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यानुसार अपराधाचा मानसिक घटक म्हणजे एकतर हेतू, नाहीतर निष्काळजीपणासारखी चूक. यंत्राच्या ठायी हेतू नाही आणि काळजी घेण्याची जाणीवही नाही. त्याला तुरुंगाचे भय नाही, पश्चात्तापही नाही. शिक्षा माणसाला होऊ शकते. प्रतिनिधींनी कंपनीच्या नावे केलेल्या अपराधासाठी कंपनीलाही होऊ शकते. दुबईच्या २०२३ च्या कायदा क्रमांक ९ ने स्वयंचलित वाहनामुळे झालेल्या हानीची भरपाई ते वाहन चालवणाऱ्या संस्थेवर सोपवली आहे. परंतु भरपाई दिल्याने फौजदारी दोषाचा निवाडा होत नाही.

तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले. धम्मपदाच्या अट्ठकथेत अंध चक्खुपाल थेरांची कथा आहे. चंक्रमण करताना त्यांच्या पायांखाली कीटक चिरडले गेले. पण त्यांना ते दिसत नव्हते आणि मारण्याची चेतनाही नव्हती, म्हणून बुद्धांनी त्यांना निर्दोष ठरवले. यंत्रही त्या अर्थाने निर्दोष मानता येईल. मात्र थेर स्वतः चालत होते. यंत्राला कोणीतरी चालायला लावलेले असते. त्याला काय दिसत नाही हे ठाऊक असूनही जो त्याला माणसांत सोडतो, त्याचा हेतू वाईट नसला तरी त्याच्याकडून प्रमाद घडतो.

हा प्रमाद कोणाच्या माथी मारला जातो, हे अमेरिकेत दिसले. १८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातील टेम्पी येथे उबरच्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीने एका पादचारी स्त्रीचा बळी घेतला. सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी खटला भरला नाही. मोटारीत देखरेखीसाठी बसलेल्या कर्मचारी स्त्रीवर मात्र तो चालला. २०२३ मध्ये तिने कमी गंभीर आरोप मान्य केला आणि तिला तीन वर्षे परिवीक्षेत ठेवण्यात आले. देखरेखीत तिची चूक होतीच. पण ती यंत्रणा तिने रचली नव्हती.

यंत्राला आरोपी करणे निरर्थक आहे, आणि शेवटचे बटण ज्याच्या हाती होते त्या पगारदारालाच एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे आहे. यंत्र थांबवण्याचा, बदलण्याचा, त्याचा वेग ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे जितका, तितकी त्याची जबाबदारी, हीच न्याय्य कसोटी होय. म्हणून यंत्राशेजारी काम करणाऱ्या प्रत्येक बांधवाने आणि भगिनीने दिसलेला धोका वरिष्ठांना लेखी कळवावा, त्याची प्रत जपावी आणि यंत्र थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. अप्रमादाची शिकवण कामाच्या ठिकाणी अशीच आचरणात येते.