पडून उठणारे मास्तर

वर्गातला एखादा मुलगा दोनदा घसरला, की आम्ही मास्तरलोक त्याचे भविष्य वर्तवून मोकळे होतो. अशा वेळी मला जपानचे ताकाहाशी कोरेकियो आठवतात आणि जीभ आवरावी लागते.

जन्म १८५४ चा, एदोतला, म्हणजेच आजच्या टोकियोतला. अनौरस मूल, एका गरीब शिपायाच्या घरी दत्तक गेले. १८६७ मध्ये हा पोरगा इंग्रजी शिकायला अमेरिकेस गेला आणि तिथे न उमजता एका कागदावर सही करून बसला. तो निघाला वेठबिगारीचा करार! सुटका करून घेऊन मायदेशी परतला तो इंग्रजी गाठीला बांधून. विशीच्या आतच मास्तरकी मिळाली. पण दारू आणि गेइशांच्या नादात तीही गेली. मग कारात्सु या दूरच्या गावी त्याने पुन्हा वर्ग उघडला. तिथला त्याच्याच वयाचा विद्यार्थी तात्सुनो किंगो, ज्याने पुढे टोकियो स्थानकाची इमारत उभारली.

पुढे ताकाहाशी पेटंट खात्याचे पहिले प्रमुख झाले. ते सोडून पेरूमध्ये चांदीची खाण घ्यायला गेले, तर खाण आधीच रिकामी! चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी जपान बँकेत नव्याने सुरुवात केली. १९०४ मध्ये रशियाशी युद्ध पेटले, तेव्हा लंडन-न्यूयॉर्कच्या सावकारांकडून कर्ज उभारून आणले ते याच मास्तरांनी. १९२१ मध्ये ते पंतप्रधानही झाले.

१९२७ मध्ये बँकांवर लोकांची झुंबड उडाली. अर्थमंत्री ताकाहाशींच्या कारकिर्दीत घाईने दोनशे येनच्या नोटा छापल्या गेल्या, त्याही एकाच बाजूने, पाठ कोरी! नोटांच्या थप्प्या दिसताच लोकांचा धीर परतला. डिसेंबर १९३१ मध्ये पुन्हा अर्थखाते हाती येताच त्यांनी येनची सोन्याशी असलेली गाठ सोडली, सरकारी खर्च वाढवला आणि मंदीतून देशाला लवकर बाहेर काढले.

मात्र उद्योग सावरल्यावर त्यांनी लष्कराच्या वाढत्या मागण्यांना लगाम घातला. २६ फेब्रुवारी १९३६ च्या बर्फाळ पहाटे बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी घरात शिरून या एक्याऐंशी वर्षांच्या वृद्धाचा प्राण घेतला. त्यानंतर लष्कराला आवरणारा अर्थमंत्री जपानला लाभला नाही.

गोलमटोल अंगामुळे लोक त्यांना ‘दारुमा’ म्हणत. दारुमा म्हणजे पाडली तरी पुन्हा उठून बसणारी बाहुली. कोवळ्या वयात न उमजता सही करणारा तो मुलगा म्हातारपणी पुरते उमजून ‘नाही’ म्हणाला. वर्गात घसरलेल्या पोराकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे!