कलमे खरेदीपूर्वी रोपवाटिकेची सामुदायिक पाहणी

फळबाग हे एका हंगामाचे पीक नव्हे. ज्वारीचे बी हलके निघाले तर शेतकऱ्याचे एका वर्षाचे नुकसान होते आणि पुढील पेरणीस तो सावध होतो. फळझाडाच्या बाबतीत चूक इतक्या लवकर उमगत नाही. आज लावलेले आंब्याचे कलम फळावर येऊन त्याची जात निःसंशय कळण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोपर्यंत खड्डे, खत, पाणी, कुंपण व राखण यांवर खर्च होऊन गेलेला असतो आणि गेलेली वर्षे तर कोणत्याच उपायाने परत मिळत नाहीत. दहा मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याच्या बागेत हेक्टरी शंभरच झाडे बसतात. त्यांतील दहा कलमे भलत्याच जातीची निघाली तर एक दशांश जमीन इतकी वर्षे वाया गेली, असाच त्याचा अर्थ होतो.

शासकीय रोपवाटिका व कृषी विद्यापीठांची केंद्रे येथील कलमे मागणीच्या मानाने अपुरी पडतात. त्यामुळे पुष्कळ बागायतदारांना खाजगी रोपवाटिकेकडे जावे लागते. त्यात वावगे काही नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचनसारख्या परिसरात हा व्यवसाय चांगला रुजला आहे आणि कलमे बांधणारे कुशल कारागीर तेथे आढळतात. परंतु पहिला पाऊस पडताच एकट्याने टेम्पो घेऊन जायचे व जी कलमे उंच आणि हिरवीगार दिसतील ती भरून आणायची, ही जी रीत पडली आहे ती मात्र हितावह नाही. त्याऐवजी गावातील आठ-दहा बागायतदारांनी मिळून खरेदीच्या पुष्कळ आधी रोपवाटिका पाहून यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांनी मिळून का जावे?

एकत्र जाण्याने प्रवासखर्च वाटला जातो, हा लाभ उघडच आहे. परंतु तो गौण होय. प्रत्येक बागायतदाराचा अनुभव निराळा असतो. ज्याच्या मोसंबीला डिंक्या लागला होता तो कलमाचा जोड किती उंचीवर आहे हे प्रथम पाहतो. ज्याची डाळिंबाची बाग तेल्याने गेली त्याची नजर पानांवरील ठिपक्यांकडे वळते. एकट्याच्या ध्यानात न येणारी गोष्ट दहाजणांपैकी एकाच्या तरी ध्यानात येते. शिवाय, पाचशे कलमांची एकत्रित मागणी नोंदवणाऱ्या गटास रोपवाटिकाधारक मनापासून वेळ देतो; पंचवीस कलमे घेणाऱ्यास गर्दीच्या दिवसांत तितका वेळ देणे त्यालाही शक्य नसते.

प्रथम मातृवृक्ष पाहावेत

ज्या झाडावरून कलमकाडी किंवा डोळा घेतात त्यास मातृवृक्ष म्हणतात. जे गुण मातृवृक्षाचे तेच कलमाचे. लहान कलमाच्या पानांवरून जात खात्रीने ओळखणे जाणकारासही कठीण जाते. म्हणून आंब्याची कलमे घ्यावयाची असल्यास एप्रिल-मे महिन्यांत, झाडावर फळ असतानाच, पहिली भेट द्यावी. झाड निरोगी आहे काय, फळ जातिवंत आहे काय व झाड नियमित धरते काय, हे त्या वेळी प्रत्यक्ष पाहता येते. रोपवाटिकेत मातृवृक्षच नसतील, तर काड्या कोठून आणल्या हे विचारावे व शक्य तर ती बागही पाहावी.

डाळिंबाच्या बाबतीत ही दक्षता अधिकच महत्त्वाची आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग असून रोगट बागेतून आणलेल्या गुटी कलमांबरोबर तो नव्या बागेत शिरतो. गुटी वरकरणी स्वच्छ दिसली तरी तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. ज्या बागेत गुट्या बांधल्या ती तेल्यामुक्त आहे, याची खात्री पावसाळी व दमट हवेतच नीट पटते. कारण पानांवरील तेलकट, काळसर व कडेने पिवळे वलय असलेले ठिपके त्या हवेत स्पष्ट दिसतात.

कलमाची पाहणी

मातृवृक्षानंतर कलमांकडे वळावे. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

जोड : खुंट व कलमकाडी एकजीव झालेली असावी. हलका ताण दिला असता जोड हलता कामा नये. बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती सालीत रुतून कलमास फास बसतो. मोसंबी व संत्र्याचा डोळा जमिनीपासून सुमारे एक वीत उंचीवर भरलेला असावा. जोड खाली असल्यास पाणी व माती यांचा त्यास स्पर्श होऊन डिंक्याचा धोका वाढतो.

खुंट : मोसंबीसाठी जंबेरी किंवा रंगपूर लाईम यांपैकी कोणता खुंट वापरला आहे, हे विचारून लिहून घ्यावे. जोडाच्या खालून निघालेले फुटवे हे खुंटाचे असतात. ते वाढू दिल्यास कलम मागे पडते व अखेरीस रानटी झाडच उरते.

माती : पिशवीत भरलेली माती कोठून आणली, हे अवश्य विचारावे. जुन्या, रोगट संत्रा-मोसंबीच्या बागेतील मातीबरोबर मूळकुजीची बुरशी येते. चांगला रोपवाटिकाधारक उन्हाळ्यात माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवून घेतो.

कीड : खोडावर मुंग्यांची ये-जा दिसल्यास पानांच्या मागे व कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे काय, हे पाहावे.

मुळांची परीक्षा

वरील सर्व पाहणी डोळ्यांनी होते. मुळे मात्र पिशवीत झाकलेली असतात. वस्तुतः कलमाचा जीव मुळांत आहे. याकरिता एक सोपी परीक्षा आहे. गटाने प्रत्येक वाफ्यातून मध्यम वाढीचे एक कलम विकत घ्यावे, पिशवी फाडावी व बादलीभर पाण्यात मुळे हलक्या हाताने धुऊन पाहावीत. एकट्या शेतकऱ्यास याकरिता कलम मोडणे जिवावर येते. दहाजणांत तो खर्च जाणवतही नाही.

आमच्या तालुक्यातील नऊ बागायतदारांबरोबर गेलो असता अशीच परीक्षा घेण्यात आली. एका वाफ्यातील कलमे छातीइतकी उंच व तजेलदार होती आणि सर्वांची पसंती त्यांनाच होती. शेजारच्या वाफ्यातील कलमे जेमतेम गुडघ्याच्या वर होती. धुऊन पाहता उंच कलमाचे सोटमूळ पिशवीच्या तळाशी दोन वेढे घेऊन बसलेले आढळले व तंतुमुळे थोडी होती. लहान कलमाची मुळे मात्र पांढरी, भरपूर व सरळ निघाली. उंच कलमे पिशवीत जास्त काळ राहिलेली होती, हे रोपवाटिकाधारकाने मोकळेपणाने मान्य केले. तो पुढे म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक उंची बघून पैसे देतं. मुळं धुऊन बघणारे तुम्ही पहिलेच." त्या दिवशी सर्वांनी आपली मागणी लहान कलमांसाठी नोंदवली.

वेढे घेतलेले मूळ शेतात लावल्यावर सहसा सरळ होत नाही. असे झाड पहिली दोन-तीन वर्षे बरे दिसते. पुढे ते वाऱ्याने कलते किंवा पाण्याच्या ताणात लवकर सुकते. मुळांवर गाठी दिसल्यास त्या सूत्रकृमींच्या असण्याचा संभव मोठा असतो. डाळिंब व पेरू यांच्या बाबतीत अशा वाफ्यातील एकही कलम घेऊ नये; कारण एकदा शेतात आलेले सूत्रकृमी पुन्हा घालवणे अत्यंत दुष्कर असते.

परवाना व पावती

फळरोपवाटिका व फळरोपांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला. त्यान्वये अशा रोपवाटिकेस परवाना आवश्यक आहे व खुंट आणि काडी कोठून आणली याची नोंद ठेवणे अपेक्षित आहे. परवाना व ही नोंद पाहण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये. पावतीवर जात, खुंट, संख्या, दर, दिनांक व परवाना क्रमांक लिहून घ्यावा आणि ती पावती निदान बाग फळावर येईपर्यंत जपून ठेवावी. तक्रार करण्याची वेळ आल्यास तोच आधार असतो. फळबाग लागवडीच्या अनुदानासाठी कोणत्या रोपवाटिका ग्राह्य धरल्या जातात, हे कृषी कार्यालयाकडून खरेदीपूर्वीच समजून घ्यावे.

वाहतूक व लागवड

कलमे संध्याकाळी भरावीत व वाहन झाकून आणावे. कलम खोडाला धरून उचलू नये. पिशवीला खालून हात द्यावा. आणल्यावर लगेच लागवड न करता आठ-दहा दिवस विरळ सावलीत ठेवून पाणी द्यावे. शेडनेटमध्ये वाढलेली कलमे हळूहळू उन्हास सरावू द्यावीत. लागवड करताना पिशवी काढून टाकावी, मातीचा गड्डा फुटू देऊ नये व जोड मातीच्या वरच राहील याची दक्षता घ्यावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात यंदा फळबाग लावू इच्छिणाऱ्यांची यादी आताच करावी व त्यांची एक तुकडी जवळच्या रोपवाटिकेवर न्यावी. सोबत एक बादली, धारदार चाकू व नोंदवही असावी. ग्राहक ज्या गुणाची किंमत देतो तोच गुण रोपवाटिकाधारक वाढवतो. आजवर आपण उंचीला पैसे मोजले, म्हणून उंची मिळाली. गावोगावचे बागायतदार मुळे, जोड व मातृवृक्ष यांविषयी विचारू लागले, तर तशीच कलमे तयार करणे व्यावसायिकांसही फायद्याचे ठरेल आणि दोन-तीन वर्षांत त्या परिसरातील कलमांचा दर्जा पालटलेला दिसेल.