वसईची कॅथलिक चर्चसंस्था : सार्वजनिक भूमिका

महाराष्ट्रातील अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाच्या सार्वजनिक कार्याचे एक ठळक उदाहरण. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून कमी होते. वसई (जि. पालघर) परिसरातील हा समाज मात्र जुना, मराठीभाषी व शेतीवाडीत रुजलेला आहे. पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) येथे ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतरही तो टिकून राहिला. सामवेदी, वाडवळ, कोळी इ. समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या बोली व चालीरीती जपल्या.

धर्मकार्याबरोबरच येथील धर्मगुरूंनी सहकार व भाषा या क्षेत्रांतही पुढाकार घेतला. बॅसीन कॅथलिक सहकारी बँक १९१८ मध्ये, तर सुवार्ता हे मराठी मासिक १९५५ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीतून होऊ लागली. स्वतंत्र वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला.

मुंबईच्या विस्तारामुळे वसई–विरार पट्ट्यात स्थलांतरितांची वस्ती झपाट्याने वाढली. बागायती जमिनींवर इमारती उठल्या व विहिरींच्या पाण्यावर ताण पडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध आंदोलन उभारले. पाणी व हिरवळ हे प्रश्न सर्वांचेच असल्याने त्यात ख्रिस्तेतरही सहभागी झाले. केवळ स्वतःच्या हक्कांपुरती न राहता समाईक प्रश्न लोकभाषेत मांडल्याने अल्पसंख्य संस्थेस व्यापक मान्यता मिळते, हे यातून दिसून आले.

तथापि या भूमिकेत एक पेच आहे. भूमिरक्षणाचा आग्रह ‘भूमिपुत्र विरुद्ध उपरे’ अशा लोकानुनयी मांडणीकडे सहज झुकू शकतो. वस्तुतः जमिनीच्या वापराविषयीचे निर्णय शासन व विकासक घेतात. स्वस्त घर शोधणारे कुटुंब नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या फ्रातेल्ली तुत्ती (२०२०) या परिपत्रकातही स्थलांतरितांचे स्वागत व लोकानुनयावरील टीका हे विषय एकत्र आले आहेत. भूमीचे रक्षण व आगंतुकाचा सन्मान यांचा मेळ घालणे, ही या चर्चसंस्थेच्या सार्वजनिक भूमिकेची खरी कसोटी होय.

उस्मानाबाद (धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२०२०) अध्यक्षपद दिब्रिटो यांना मिळाले. धर्मगुरू असल्यामुळे त्यांच्या निवडीस काही संघटनांनी विरोध केला, तरी संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले.