पैसे कोणाच्या हाती सोपवायचे?

पुण्यात गृहकर्ज घेताना बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालकीच्या नोंदींचा साधारण ३० वर्षांचा ‘सर्च’ घेतो. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला बहुधा वकील लागतच नाही. मालकी तपासणारी आणि व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी टायटल आणि एस्क्रो कंपनी ते काम उरकते. पण तिलाही कर्जदात्याच्या पारखीतून जावे लागते. बाहेरच्याकडून काम करून घेतले तरी कर्जदात्याची जबाबदारी टळत नाही, हे अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१२ मध्येच बजावले. पुढच्याच वर्षी अमेरिकन लँड टायटल असोसिएशनने अशा कंपन्यांसाठी सात निकष आणले: परवाना, माहितीची गुप्तता, व्यावसायिक विमा वगैरे. खरी मेख एस्क्रो खात्याच्या ताळमेळात, कारण तिथला पैसा लोकांचा. विमा कंपनीची एजंट असलेल्या एस्क्रो कंपनीने तो लाटला, तर टायटल विमा कंपनीच्या संरक्षणपत्रामुळे कर्जदाता सावरतो. घरमालकाच्या हक्कासाठी पॉलिसी मात्र वेगळी.